वारसास्थळे आणि संवेग : फाहियान व ह्युएनत्संग यांच्या यात्रावृत्तांतांचा पुनर्विचार

प्रास्ताविक

प्राचीन बौद्ध स्थळांविषयी मराठीत लिहिलेले कोणतेही पुस्तक, पर्यटनविषयक पुस्तिका किंवा महाविद्यालयीन सहलीचा अहवाल उघडला, तर पहिल्या काही पानांतच फाहियान आणि ह्युएनत्संग या दोन चिनी भिक्षूंची नावे भेटतात. ती भेटतात ती साक्षीदार म्हणून. अमुक विहारात इतके भिक्षू राहत होते, तमुक स्तूपाची उंची इतकी होती, एवढी साक्ष नोंदवून घ्यायची आणि साक्षीदाराला जाऊ द्यायचे, अशी ही रीत आहे. हे वृत्तांत साधने म्हणून सर्वांनी वापरले. वाङ्मय म्हणून ते आपल्याकडे फारसे वाचले गेले नाहीत. इतिहासाच्या अभ्यासकाला त्यांतील अंतरे आणि दिशा हव्या असतात. साहित्याच्या अभ्यासकाला ते आपल्या प्रांतातले वाटत नाहीत.

प्रस्तुत लेखात या दोन वृत्तांतांचे वाचन यात्रावाङ्मय म्हणून केले आहे. हे दोन्ही ग्रंथ मुळात उशिरा पोहोचलेल्या माणसांचे लेखन आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. एकोणिसाव्या शतकात त्यांचे रूपांतर वाटाड्यात झाले. आज प्रचलित असलेल्या वारसाविषयक लेखनाने त्यांतला वाटाड्या तेवढा उचलला आणि उशिरा पोहोचल्याची जाणीव मागे ठेवली. या निवडीमुळे स्थळाला भेट देणे या कृतीचा अर्थच कसा बदलला, हा येथील मुख्य प्रश्न आहे. फाहियानच्या वृत्तांतासाठी जेम्स लेग (१८८६) आणि ह्युएनत्संगसाठी सॅम्युएल बील (१८८४ व १८८८) यांचे इंग्रजी अनुवाद आधाराला घेतले आहेत. त्यामुळे मूळ चिनी शब्दकळेविषयी विधाने टाळून रचना, निवड आणि स्वर यांपुरताच विचार केला आहे.

‘संवेजनीय’ या संज्ञेचा अर्थ

बौद्ध तीर्थयात्रेचा उगम सांगताना महापरिनिब्बान सुत्तातील चार स्थानांचा उल्लेख नेहमी केला जातो. जन्म, संबोधी, प्रथम धर्मोपदेश आणि महापरिनिर्वाण यांची ही स्थाने म्हणजे लुंबिनी, बोधगया, सारनाथ व कुशीनगर. हा उल्लेख करताना त्याचा संदर्भ मात्र बहुधा गाळला जातो. वर्षावास संपला की ठिकठिकाणचे भिक्षू तथागतांच्या दर्शनाला येत आणि त्या निमित्ताने आनंदालाही त्यांची भेट घडे. तथागतांच्या पश्चात हे भिक्षू येणार नाहीत, त्यांची भेट होणार नाही, ही आनंदाची व्यथा आहे. तिला उत्तर म्हणून चार स्थाने सांगितली जातात. माणूस भेटणार नाही म्हणून जागा सांगितली गेली, हा क्रम महत्त्वाचा आहे. बौद्ध तीर्थाच्या मुळाशीच एक अनुपस्थिती आहे.

या स्थानांना पाली संहितेत दर्शनीय म्हटले आहे, तसेच संवेजनीयही म्हटले आहे. ज्यांच्या दर्शनाने संवेग उत्पन्न व्हावा, ती संवेजनीय स्थाने. आपल्या शालेय विज्ञानात ‘संवेग’ हा शब्द वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकारासाठी वापरला जातो. बहुविद्याशाखीय नियतकालिकाच्या वाचकाला प्रथम तोच अर्थ आठवावा, यात नवल नाही. पालीतील संवेगात हादरा आहे, अनित्यतेची जाणीव आहे, आणि त्या जाणिवेतून कृतीकडे वळणेही आहे. आनंद कुमारस्वामी यांनी १९४३ मध्ये याच संज्ञेवर एक निबंध लिहून तिला सौंदर्यशास्त्रात स्थान मिळवून दिले. नुसते शोकाकुल होणे म्हणजे संवेग नव्हे आणि नुसते प्रसन्न होणे तर नव्हेच. पुढील विवेचनात ही संज्ञा निकष म्हणून वापरली आहे.

फाहियान : रिकाम्या जागेचे दर्शन

फाहियान इ. स. ३९९ मध्ये चांगआनहून निघाला तेव्हा त्याचे वय साठीच्या आसपास होते. त्याचा उद्देश तीर्थयात्रेचा नव्हता. विनयपिटकाच्या चीनमध्ये उपलब्ध असलेल्या प्रती अपुऱ्या व सदोष आहेत, त्या पूर्ण मिळवाव्यात यासाठी तो निघाला. स्थळदर्शन त्या कामाच्या ओघात आले. त्याच्या लेखनातील संयमाचे मूळ कदाचित येथेच असावे. तो भारावून जाण्याच्या तयारीने आलेला नाही.

त्याचा ग्रंथ लहान आहे. वाळवंट, बर्फाळ डोंगर, नद्या यांची वर्णने तो मोजक्या शब्दांत संपवतो. सोबत्यांची संख्या मात्र तो विसरत नाही. कोणी अर्ध्या वाटेतून परतला, कोणी वाटेत दगावला. हिमपर्वत ओलांडताना एक सोबती त्याच्या डोळ्यांदेखत गेला आणि त्याला कवटाळून फाहियान रडला. श्रावस्तीच्या जेतवनात पोहोचले ते दोघेच, फाहियान आणि ताओ-चिंग. या प्रसंगाची मांडणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. आधी तो जेतवनातील सातमजली विहाराची कथा सांगतो. एका उंदराने दिव्याची वात तोंडात धरून नेली, पताकांनी पेट घेतला आणि सगळे मजले जळाले. त्यानंतर दोघे यात्रेकरू स्वतःकडे वळतात. बुद्धांनी येथे पंचवीस वर्षे वास्तव्य केले. आपण दूरच्या सीमाप्रदेशात जन्मलो. बरोबर निघालेल्यांपैकी कोणी परतले, कोणी जिवाला मुकले, आणि आज आपल्या दृष्टीस पडते आहे ती बुद्ध नसलेली जागा. हे मनात येऊन दोघांना दुःख होते. तेवढ्यात तेथील भिक्षू बाहेर येऊन विचारतात, आपण कुठले? हान देशाचे, असे उत्तर ऐकून ते थक्क होतात. त्यांच्या गुरुपरंपरेत कोणीच त्या देशातून आलेला भिक्षू पाहिलेला नसतो.

दुःख आणि लगेच हे कौतुक, अशी ही जोडणी आहे. यात्रेकरूंना जे हरवल्यासारखे वाटते, ते स्थानिक भिक्षूंच्या दृष्टीने रोजचे घर आहे. त्यांना अपूर्वाई वाटते ती आलेल्या माणसांची. तीर्थस्थळाविषयी इतक्या थोड्या ओळींत इतके सांगणारे लेखन प्रस्तुत लेखकाच्या वाचनात दुसरे नाही.

राजगृहाच्या गृध्रकूटावरही हीच रीत दिसते. फाहियान नव्या नगरात धूप, फुले, तेल, दिवे विकत घेतो आणि वाट दाखवायला व सामान न्यायला तेथील दोन भिक्षूंना सोबत घेतो. वर गेल्यावर बुद्धांच्या उपदेशाच्या दालनाचा पाया तेवढा उरलेला दिसतो. संध्याकाळी दिवे लावल्यावर त्याला रडू येते, ते तो आवरतो, मग सूत्राचे पठण करतो आणि रात्रभर तेथेच राहतो. रडू येणे, ते आवरणे आणि पठणाकडे वळणे, या तीन क्रियांत संवेगाची पूर्ण व्याख्या आली आहे. कपिलवस्तूविषयी तो लिहितो ते तर अधिकच कोरडे आहे. राजा नाही, प्रजा नाही, थोडे भिक्षू आणि वीस-चाळीस घरे, आणि वाटेवर हत्ती व सिंह यांचे भय. बुद्धचरित्रातील प्रसंगांच्या जागा मात्र तो एकेक करून सांगत जातो. माणसे नसलेल्या गावात कथा तेवढ्या जागेवर आहेत.

त्याच्या प्रामाणिकपणाचा एक पुरावा दक्षिणेशी संबंधित आहे. दक्षिण देशातील डोंगर कोरून केलेल्या पाचमजली ‘कपोत’ विहाराचे वर्णन तो करतो आणि रस्ते बिकट असल्याने आपण तेथे गेलो नाही, ऐकले ते लिहिले, असे स्पष्ट करतो. पाहिलेले आणि ऐकलेले यांतील हा भेद पुढच्या स्थळवर्णनकारांना नेहमीच पाळता आला असे नाही.

ह्युएनत्संग : दोन ग्रंथ, दोन स्वर

ह्युएनत्संगाच्या बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण त्याच्या प्रवासाचे दोन ग्रंथ आहेत. इ. स. ६४५ मध्ये तो चीनला परतला आणि पुढच्याच वर्षी ‘सी-यू-की’ सम्राट ताइ-त्सुंगला सादर झाला. सम्राटाला पश्चिमेकडील देशांची माहिती हवी होती. साहजिकच त्या ग्रंथाची घडण राजदरबारासाठी केलेल्या अहवालाची आहे. देशाचा परीघ, राजधानी, हवामान, पिके, लोकस्वभाव, विहारांची व भिक्षूंची संख्या, संप्रदाय, असा साचा प्रत्येक देशासाठी वापरलेला आहे. दुसरा ग्रंथ म्हणजे त्याचा शिष्य हुई-ली याने आरंभलेले आणि येन-त्सुंगने इ. स. ६८८ मध्ये पूर्ण केलेले त्याचे चरित्र.

बोधगयेचे वर्णन दोन्हींत आहे आणि तेथे हा भेद उघड होतो. चरित्रात ह्युएनत्संग बोधिवृक्षासमोर जमिनीवर कोसळून रडतो. बुद्धांना संबोधी प्राप्त झाली तेव्हा आपण कोणत्या योनीत भटकत होतो आणि इतक्या उशिरा येथे का आलो, हा त्याचा आक्रोश आहे. वर्षावास नुकताच संपल्याने जमलेले हजारो भिक्षू ते दृश्य पाहून गहिवरतात. दरबारी वृत्तांतात हे अश्रू नाहीत. तेथे आवाराची मापे आहेत, मंदिराची उंची आहे, स्तूपांची यादी आहे.

वृत्तांत भावशून्य आहे असा याचा अर्थ नाही. याच यादीत मध्येच एक तपशील येतो. वज्रासनाच्या उत्तर व दक्षिण सीमेवर अवलोकितेश्वराच्या पूर्वाभिमुख मूर्ती आहेत. या मूर्ती भूमीत दिसेनाशा झाल्या की बुद्धाचा धर्म संपेल, असे वृद्ध लोक सांगतात. दक्षिणेकडील मूर्ती आता छातीपर्यंत रुतली आहे. एवढे सांगून लेखक पुढच्या स्तूपाकडे वळतो. शोकाचा एकही शब्द न वापरता केलेले हे विधान चरित्रातील आक्रोशापेक्षा अधिक काळ मनात राहते. मोजमाप करण्याची सवय येथे लेखकाच्या उपयोगी पडली आहे. मूर्ती कुठवर रुतली, हेदेखील अखेर एक मापच आहे.

त्याचे बारा भाग सलग वाचणे मात्र कष्टाचे आहे, हेही नमूद केले पाहिजे. चमत्कारकथांची पुनरुक्ती कंटाळवाणी होते आणि साच्यामुळे एक देश दुसऱ्यासारखा भासू लागतो. वाङ्मय म्हणून फाहियानचा लहान ग्रंथ सरस आहे. तरीही ह्युएनत्संगाच्या पुनरुक्तीतून एक परिणाम घडतो. ‘येथे एक जुना पाया आहे, त्याच्या बाजूला स्तूप आहे, येथे पूर्वी अमुक घडले’, या आशयाची रचना इतक्या वेळा येते की अवशेष आणि आठवण यांची ती एक लय होऊन बसते. सारनाथात दीड हजार संमितीय भिक्षू राहतात, पण कुशीनगरचे तट पडले आहेत. फाहियानला श्रावस्तीत दोनशे घरे दिसली होती. ह्युएनत्संगाच्या जेतवनात विटांची एक वास्तू काय ती उभी आहे. ज्या काळाला आपण बौद्ध भारताचा वैभवकाळ समजतो, त्याच काळातील हे यात्रेकरू पडझडीतून चालत होते.

वाटाड्याची निर्मिती

या वृत्तांतांना वाटाड्याचे काम मिळाले ते अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्यामुळे. फाहियानच्या आधारे संकिसाचा शोध लागल्याचे त्यांनी १८४३ मध्ये प्रसिद्ध केले. १८६१ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षक म्हणून नेमणूक झाल्यावर त्यांनी ह्युएनत्संगाच्या मागाने उत्तर भारत पालथा घातला. १८७१ च्या त्यांच्या प्राचीन भूगोलविषयक ग्रंथाचा कणा हा चिनी भिक्षूच आहे. या कामाचे ऋण निर्विवाद आहे. साहेत-माहेत म्हणजे श्रावस्ती आणि कसया म्हणजे कुशीनगर, हे त्यांनी सांगितले. १८७६-७७ मध्ये त्यांचे सहकारी कार्लाइल यांना कसया येथेच महापरिनिर्वाण मूर्ती मिळाली.

परंतु वाचक म्हणून कनिंगहॅम यांची पद्धत तपासली पाहिजे. त्यांनी वृत्तांतातील अंतर व दिशा तेवढ्या घेतल्या आणि त्या जमिनीशी जुळल्या नाहीत तेथे पाठ दुरुस्त केला. कपिलवस्तूच्या बाबतीत तर ते आधी नगरखास आणि मग कार्लाइलच्या मतानुसार भुइला असे म्हणत राहिले. १८९६ मध्ये लुंबिनीचा अशोकस्तंभलेख उजेडात आल्यावर ही दोन्ही मते बाद झाली. पुढे १९०१ मध्ये व्हिन्सेंट स्मिथ यांनी सुचवले की, दोन यात्रेकरूंचे तपशील जुळत नाहीत याचे कारण त्यांनी दोन वेगळी कपिलवस्तू पाहिली, फाहियानने पिप्रहवा आणि ह्युएनत्संगाने तिलौराकोट. आज या दोन जागांपैकी एक भारतात आणि दुसरी नेपाळात आहे, आणि दोन्हीकडे पर्यटकांना कपिलवस्तू दाखवले जाते. फाहियानला जे नगर रिकामे दिसले, त्याच्या मालकीविषयी दोन देशांत वाद असावा, ही गोष्ट त्याच्या वाचकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

याच पिप्रहवा स्तूपातून १८९८ मध्ये निघालेली आणि उत्खनन करणाऱ्या पेपे यांच्या वंशजांकडे राहिलेली रत्ने २०२५ मध्ये हाँगकाँगमध्ये लिलावात निघणार होती. भारत सरकारच्या आक्षेपानंतर लिलाव थांबला आणि त्याच वर्षी ती भारतात आली. अस्थींसोबत अर्पण केलेली रत्ने ही पूजाद्रव्ये, पुरावस्तू की विक्रीयोग्य दागिने, या वादात वारसा या शब्दाची सगळी अडचण एकवटली आहे.

मराठी यात्रेकरू

वारसा या शब्दात उत्तराधिकार आहे. ज्याचा वारसा असतो तो गेलेला असतो आणि मागे राहिलेली वस्तू आपली होते. लुंबिनी १९९७ मध्ये, महाबोधी मंदिर २००२ मध्ये आणि नालंदा २०१६ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. या यादीची भाषा अखिल मानवजातीसाठी असलेल्या मूल्याची आहे. या भाषेने संरक्षण मिळवून दिले, हे मान्य केले पाहिजे. १७९४ मध्ये जगतसिंहाच्या माणसांनी विटांसाठी सारनाथचा धर्मराजिक स्तूप पाडला, तेव्हा अशी कोणतीच भाषा उपलब्ध नव्हती. पण अखिल मानवजात ही यात्रेला जात नाही. यात्रेला जातात ती विशिष्ट माणसे.

मराठी वाचकाला हे वेगळे सांगायला नको. गोव्यातून घर सोडून निघालेले धर्मानंद कोसंबी सिलोन व ब्रह्मदेशातून परतल्यावर बौद्ध तीर्थांत हिंडले, ते भिक्षू म्हणून. ‘निवेदन’ या त्यांच्या आत्मचरित्राची निरलंकृत भाषा फाहियानच्या जवळची आहे आणि दोघांच्याही प्रवासाचा मूळ हेतू ग्रंथांचा अभ्यास हाच होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. पुढच्याच महिन्यात काठमांडूच्या परिषदेला जोडून त्यांनी सारनाथ व कुशीनगर ही स्थळे पाहिली. महापरिनिर्वाणस्थळाची ती भेट आणि ६ डिसेंबर यांत अवघे काही दिवस आहेत.

त्यानंतरच्या पिढ्यांत महाराष्ट्रातून बोधगयेला जाणारा यात्रेकरू फाहियानसारखाच उशिरा आलेला आहे, पण त्याचा संवेग वेगळा आहे. फाहियानला दुःख होते ते सीमाप्रदेशात जन्मल्याचे. या यात्रेकरूचे दुःख याच भूमीत जन्मूनही वंचित राहिल्याचे आहे. म्हणून त्याच्या दर्शनात हक्काची भावना मिसळलेली असते. १९४९ च्या कायद्याने महाबोधी मंदिराचे व्यवस्थापन हिंदू व बौद्ध सदस्यांच्या संयुक्त समितीकडे आहे. हा कायदा रद्द व्हावा यासाठी २०२५ मध्ये बोधगयेत आंदोलन झाले आणि त्याचे पडसाद महाराष्ट्रातही उमटले. या वादाचा निवाडा हा समीक्षेचा विषय नाही. मात्र तो केवळ प्रशासकीय आहे असे मानणाऱ्याने छातीपर्यंत रुतलेल्या मूर्तीची नोंद वाचलेली नसावी.

अजिंठ्याचे हत्ती

महाराष्ट्राविषयी ह्युएनत्संगाने लिहिले त्यातील पुलकेशी आणि लढवय्ये लोक आपण पाठ्यपुस्तकांत कौतुकाने उद्धृत करतो. त्याच प्रकरणात पूर्व सीमेवरील डोंगरातल्या एका विहाराचे वर्णन आहे आणि ते अजिंठ्याचे मानले जाते. तो स्वतः तेथे गेला होता का, याविषयी मतभेद आहेत. दाराबाहेर दोन्ही बाजूंना दगडी हत्ती, हा तपशील सोळाव्या लेण्याच्या पायथ्याच्या हत्तींशी जुळतो आणि म्हणून प्रत्येक पुस्तिकेत तो असतो. पण वृत्तांतातील शंभर फुटांहून उंच विहार, सत्तर फुटांची बुद्धमूर्ती आणि तिच्यावर आधाराविना अधांतरी असलेली सात दगडी छत्रे अजिंठ्यात कुठेच नाहीत. पुस्तिका हत्ती ठेवतात आणि छत्रे गाळतात. हे हत्ती डरकाळी फोडतात आणि भूमी हादरते, ही लोकसमजूतही गळून पडते. कनिंगहॅम यांनी केलेले संपादन आपण असे आजही चालवत आहोत. अधांतरी छत्रांचा अर्थ वास्तुशास्त्रात सापडणार नाही. ती श्रद्धेने ऐकलेल्या गोष्टीतली छत्रे आहेत, आणि गोष्ट म्हणून ती मोलाची आहेत.

महाविद्यालयीन सहलींच्या अहवालांत हा हत्तींचा परिच्छेद वर्षानुवर्षे जवळजवळ त्याच शब्दांत येतो. अहवालाचा नमुना ठरलेला असतो : स्थळ, काळ, राजवंश, वैशिष्ट्ये. विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नाही, नमुना आपणच दिलेला आहे. ज्या अर्हताने तो विहार बांधला असे ह्युएनत्संग म्हणतो, त्याच्या नावाशी सव्विसाव्या लेण्यातील शिलालेखात आलेल्या स्थविर अचल याचे नाव जुळवले जाते. याच लेण्याच्या डाव्या भिंतीवर सुमारे सात मीटर लांबीची महापरिनिर्वाण मूर्ती आहे. सहलीतील बहुतेक छायाचित्रांत ती चेहऱ्यापासून पावलांपर्यंत मावावी अशी काळजी घेतलेली असते, आणि त्या प्रयत्नात चौकटीची खालची कड मंचकापाशी संपते. मंचकाखाली शोक करणाऱ्या भिक्षूंची आणि उपासकांची रांग कोरलेली आहे.